तिसरी चिठ्ठी

वसाहत, मॉस्कोबाहेर
१८ जानेवारी १९९६

प्रिय वेन्या,

तुझं जाड पाकीट मंगळवारी हातात पडलं. त्याआधी मीच तुला नव्या वर्षाचं पत्र लिहायला हवं होतं. ते राहून गेलं, तेव्हा ते यातच आलं असं समज. गुडघ्याला पट्टा बांधतोस की पुन्हा कपाटात टाकून दिलास? इकडे पारा उणे चोवीसवर आहे, पण आमच्या इमारतीतल्या गरम पाण्याच्या नळांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही. मी वर्गात ओव्हरकोट घालून शिकवते आणि विद्यार्थी ओव्हरकोट घालून शिकतात. काल एकाने हातमोजे न काढता विभक्ती लिहिल्या. त्याचं अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

खारवलेल्या अळंब्यांची बरणी फुटली नाही. निम्म्या ग्लेबला दिल्या. 'बाबांनी पाठवल्यात का' असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने बरणी फ्रीजमध्ये ठेवली आणि विषय बदलला. तुम्ही दोघं बाप-लेक बोलता कसं, हे मला पन्नाशी उलटली तरी उमगलेलं नाही.

आता तुझ्या मसुद्याबद्दल. पहिल्यांदा बहीण म्हणून वाचला, मग लाल पेन घेऊन बसले. स्वल्पविराम सतरा जागी चुकलेत. 'कारस्थान' हा शब्द एकाच पानावर पाच वेळा आलाय, त्यातले चार काढ. खरं तर पाचही काढ. 'ज्यांच्याविरुद्ध मी चाळीस वर्षं या देशाची ढाल घडवली, त्यांच्याच एका माणसाने माझ्या मुलाचं आकाश हिरावलं' हे वाक्य तुला फार आवडलेलं दिसतं, कारण त्याखाली तू रेघ मारलीस. वेन्या, तू आयुष्यभर रॉकेटं बांधलीस. वाक्यं बांधायला मला ठेव.

निर्णय कुणी घेतला, असं तू तीनदा विचारलं आहेस. निर्णय घेण्यात आला. इथं सगळं घेण्यातच येतं. डिसेंबरात एक कागद फिरला. भाषेच्या अंतिम परीक्षेचा निकाल लक्षात घेऊन मुख्य तुकडी आणि राखीव तुकडी यांची अदलाबदल करण्यात येत आहे, असं त्यावर लिहिलं होतं. तुकडीतले तिघं एकत्र तयार होतात आणि एकत्रच बदलले जातात. ग्लेब कमांडर असला म्हणून तो एकटा कसा राहील? अकरा आठवड्यांवर आलेलं अंतराळातलं उड्डाण गेलं. बारा वर्षं वाट पाहिली, दोनदा राखीव म्हणून प्रक्षेपणतळापर्यंत जाऊन परत आला, आणि या वेळी नाव पहिल्या ओळीत होतं. हे सगळं तू मला कळवायची गरज नाही. चौदाव्या वर्षापासून तो माझ्या घरात वाढला. गणिताच्या शाळेसाठी तू त्याला माझ्याकडे सोडलंस, तेव्हापासून त्याचं पोट, त्याचा ताप आणि त्याचा राग मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

भाषा विभाग म्हणजे तूच ना, असं तू कंसात लिहिलं आहेस. हो, विभाग माझा आहे. परीक्षेला तिघांची समिती असते. तिघांचंही 'हो' लागतं आणि कोण काय म्हणालं ते बाहेर सांगायचं नसतं. तेव्हा तो कंस मिटव.

ग्लेबच्या तुकडीतला तो नापास झालेला, ज्याला तू 'अमेरिकी पाहुणा' म्हणतोस, त्याचं नाव लोवेल ब्रँट. वय बेचाळीस, नौदलातला वैमानिक, उंच, फार सभ्य. चौदा महिने मी त्याला आपली भाषा शिकवते आहे. कारस्थान रचण्याइतकं रशियन त्याला येत असतं तर मला आनंदच झाला असता. आमचे मुख्य, कर्नल बुर्लाक, यांना तो पहिल्याच दिवशी 'तू कसा आहेस' असं म्हणाला. आणि आमच्या जिन्यातल्या मांजरीला गेलं वर्षभर 'आपण' म्हणतो. मी सांगून थकले. आता मांजरीलाही सवय झाली असावी.

एकदा 'माझे वडील' या विषयावर बोलायला लावलं. तो म्हणाला, "माझे वडील जमिनीखाली काम करत होते."

"म्हणजे खाणकामगार," मी दुरुस्त केलं.

"नाही. जमिनीखाली बसत होते. किल्ली गळ्यात होती."

मला कळेना. मग त्याने वहीत एक उभी विहीर काढली, विहिरीत रॉकेट काढलं आणि रॉकेटच्या टोकापासून बाण काढून वहीच्या दुसऱ्या बाजूला नेला. तिकडे त्याने संकोचाने एक छोटंसं घर काढलं. वेन्या, ते तुझं घर होतं. तुझ्या गावावर रोखलेल्या रॉकेटची किल्ली त्याच्या बापाच्या गळ्यात असायची. मी त्याला तुझ्याबद्दल काही सांगितलं नाही. तुझ्या कामाबद्दल बोलायची सवयच कुठे होती आपल्याला?

ग्लेब रविवारी येतो. माझं पुस्तकांचं फडताळ त्याने पुन्हा भिंतीला ठोकून दिलं, तेही न सांगता. बोलत नाही. तू फोनवर त्याला 'लढ' म्हणतोस. कुणाशी लढायचं त्याने? राखीव तुकडीशी, की त्या कागदाशी? तुझं पत्र वर्तमानपत्रात आलं तर वरच्यांना एवढंच दिसेल की या माणसाचा बाप भांडखोर आहे, आणि पुढच्या यादीत त्याचं नाव लिहिताना कुणाचा तरी हात थांबेल.

मसुदा पाठवू नकोस. कारण विचारू नकोस. एकदा तरी माझं ऐक. काकडीचं बी लागलं तर कळव.

तुझी,
रिम्मा


५ मार्च १९९६

वेन्या,

विचारपूस राहू दे. तू ते पाठवलंस.

मला काल कळलं, तेही ज्याच्याकडून कळायला नको होतं त्याच्याकडून. दहाच्या तासाला लोवेल आला, ओव्हरकोटाच्या आतल्या खिशातून त्याने घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं आणि माझ्यासमोर नीट पसरलं. समासभर त्याने पेन्सिलीने अर्थ लिहिले होते. तुझा प्रत्येक शब्द त्याने शोधला होता. सोळा महिन्यांत माझा एकही धडा त्याने असा केला नाही.

"मी सहा तास शब्दकोश घेतला," तो म्हणाला. "आपल्या भावाने मला फार वाईट लिहिलं आहे. माझं बरोबर समजलं?"

"बरोबर," मी म्हटलं.

"आडनाव एक आहे. वडिलांचं नाव एक आहे. म्हणून मी विचार केला, भाऊ."

"सख्खा."

त्याने मान डोलावली. मग एका शब्दावर बोट ठेवलं. सगळं समजलं पण ही 'ढाल' काय ते कळलं नाही, म्हणाला. मी फळ्यावर ढाल काढून दाखवली, तिच्यामागे एक माणूसही काढला. त्याने ते चित्र समासात उतरवून घेतलं. मग म्हणाला, "माझे वडीलही हेच म्हणत होते. हाच शब्द."

ओरडला असता तर बरं झालं असतं. मी वर्तमानपत्राची घडी घालत होते तेव्हा त्याने विचारलं, "मला नापास आपण केलं?"

समितीचं कामकाज गुप्त असतं, असं मी म्हणाले.

"मला वाटतं, आपणच. बाकीचे दोघं परीक्षेनंतर मला भेटले की हसतात. आपण हसत नाही." मग, "ग्लेबला सांगितलंत?"

मी त्याला गृहपाठ दिला आणि तास वीस मिनिटं आधी सोडला. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा तास आधी सोडला.

तर हो, वेन्या. तू पाच वेळा कारस्थान लिहिलंस. वर कुणी काही ठरवलं नव्हतं. वर तर उलट ठरलं होतं, त्याने पास व्हावं असंच. तीन चिठ्ठ्या होत्या, दोनवर 'हो' होतं. तिसरी माझी. ग्लेबचं उड्डाण मी थांबवलं.

हे जानेवारीतच लिहायला हवं होतं. लिहायला बसले आणि तुझे स्वल्पविराम मोजत राहिले.

आता सगळं सांगते, म्हणजे पुढचा मसुदा लिहिताना माहिती पक्की असेल.

परीक्षेच्या आठवड्यात बुर्लाक माझ्या खोलीत आले. कधी येत नाहीत. खिडकीतलं माझं रोप पाहिलं, त्याची तारीफ केली, ते मेलेलं होतं. मग म्हणाले, "रिम्मा आर्काद्येव्ना, दोन देश वीस वर्षांनी पुन्हा हात मिळवतायत. एका क्रियापदावरून ते हात सुटायचे का?" मी म्हटलं, क्रियापद कोणतं आहे त्यावर आहे. त्यांना विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी ग्लेब आला. तो मात्र आडून बोलला नाही. "आत्या, त्याची भाषा कच्ची आहे, मला माहीत आहे. पण आम्ही दोघं एकमेकांना समजतो. मी त्याच्याकडे पाहिलं की त्याला कळतं, तो वळला की मला कळतं. भाषा वगैरे कागदासाठी असते."

"कागदासाठी?"

"तुला लागेल असं नको घेऊस."

"मी कसंच घेत नाहीये. चहा घेणार आहेस का?"

लागलं, वेन्या. खूप लागलं. लिहून टाकते, कारण यापुढे जे सांगणार आहे त्यात हे मिसळलेलं आहे आणि ते वेगळं काढायला मला जमलेलं नाही.

परीक्षेचा शेवटचा भाग वर्गात होत नाही. यानाची हुबेहूब प्रतिकृती आहे, तिच्यात तिघांना बसवतात, धूर सोडतात, आग लागली असं समजून काम करायला लावतात. आम्ही परीक्षक शेजारच्या खोलीत कानाला हेडफोन लावून नुसते आवाज ऐकतो. धुरात चेहरे दिसत नाहीत, खुणा दिसत नाहीत, आवाज तेवढा उरतो. परीक्षा म्हणूनच तिथं ठेवलेली आहे. ग्लेबने विचारलं, "हवेची झडप?" लोवेलने उत्तर दिलं, "बंद करत होतो."

तुला हे कधी शिकावं लागलं नाही, म्हणून थोडं मास्तरकीचं सहन कर. 'बंद केली' म्हटलं की बंद झाली, विषय संपला. 'बंद करत होतो' म्हटलं की काहीच कळत नाही. करता करता थांबला? केली आणि पुन्हा उघडली? कुणी हाक मारली म्हणून सोडून दिली? आपल्याकडे तीन वर्षांचं पोर यात चुकत नाही. परदेशी माणूस पाच वर्षांनीही चुकतो. या एका गोष्टीवर मी लोवेलबरोबर सगळा उन्हाळा काढला. खिडकी उघडायची, लावायची, सांगायचं. दार, पेटी, वही, बाटली, सगळं उघडून लावून झालं. वर्गात तो बरोबर सांगायचा. धुरात चुकला.

मला वाटलं, ग्लेब पुन्हा विचारेल. 'केलीस की करत होतास' एवढं विचारलं असतं तरी मी 'हो' लिहिलं असतं. ग्लेब म्हणाला, "ठीक," आणि पुढच्या कामाला लागला.

बाहेरच्या फलकावर झडप बंद दिसत होती. माझे दोघं सोबती म्हणाले, झालं की, बंद आहे. त्यांनी 'हो' लिहून घडी घातली. मी पेन हातात धरून बसले. ग्लेब चारशे किलोमीटर वर आहे, समोर धूर आहे, आणि तो म्हणतोय 'ठीक', एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. हे परीक्षकाचं डोकं होतं की आत्याचं, मला सांगता येणार नाही. 'भाषा कागदासाठी असते' हे त्याचं वाक्यही तिथंच कुठेतरी होतं, तेही नाकारत नाही. मी 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बुर्लाक माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही फक्त 'नमस्कार' म्हणतात. लोवेल त्यांच्याकडे गेला होता, हे मला नंतर कळलं. मी मागे राहतो, माझ्या जागी दुसरा अमेरिकी द्या, पण ग्लेबला जाऊ द्या, असं त्याने सांगितलं. तेही त्याच्या त्या फाटक्या रशियनमध्ये, आणि बुर्लाकना 'तू' म्हणून. तुकडी फोडता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्याच माणसाला तू वर्तमानपत्रात हेर म्हणालास.

फेब्रुवारीत दुसरी तुकडी वर गेली. त्यांचा अमेरिकी छान बोलतो, त्याला मीच शिकवलं आहे. सगळं सुरळीत आहे. एकही झडप अडली नाही, कुणाला कुणाला दोनदा विचारावं लागलं नाही. लोवेल आणि ग्लेब गेले असते तरी बहुधा हेच झालं असतं. काहीच झालं नसतं. मग मी काय वाचवलं? रोज सकाळी नियंत्रण कक्षातून बातमी येते, सगळं ठीक, आणि मला रोज तेवढाच संताप येतो. कुणावर, विचारू नकोस.

शुक्रवारी आठ मार्च आहे. महिला दिनाला ग्लेब दर वर्षी माझ्यासाठी मिमोझाची पिवळी फुलं आणतो, चौदाव्या वर्षापासून एकदाही चुकला नाही. या वेळी मी त्याला सांगणार आहे. त्याच्याआधी तुला सांगितलं, कारण तुला लिहिताना समोर चेहरा नसतो.

वर्तमानपत्राला माघारीचं पत्र लिही. स्वल्पविराम कसेही टाक.

रिम्मा


२ जून १९९६

प्रिय वेन्या,

तुझं कार्ड एप्रिलमध्ये आलं. त्यावर 'वाचलं' एवढा एकच शब्द होता आणि खाली सही. मी ते उलटसुलट करून पाहिलं. पुढच्या बाजूला तुमच्या गावच्या धरणाचं चित्र आहे. उत्तर म्हणून हे मला पुरेसं नाही, पण शिव्यांपेक्षा बरं, असं म्हणून ठेवून दिलं. माघारीचं पत्र छापून आलं, तेही दिसलं. दोनच ओळी, आणि त्यातही लोवेलचं नाव चुकीचं लिहिलं आहेस. त्याने ते कापून वहीत चिकटवलं आहे आणि चूक लाल पेनने दुरुस्त केली आहे.

इकडे लिलाक फुलून गेला. बटाटे लावले. गुडघ्याचं काय?

आठ मार्चला ग्लेब फुलं घेऊन आला. मी आधी जेवायला वाढायचं, मग सांगायचं, असं ठरवलं होतं. त्याने कोट काढायच्या आतच सांगून टाकलं. तो एक हात बाहीत अडकलेला तसाच ऐकत उभा राहिला.

मग त्याने विचारलं, "झडपेवरून?"

"झडपेवरून. तू 'ठीक' म्हणालास."

"ठीकच होतं. मी त्याचा हात पाहत होतो, आत्या. माझ्यापासून एवढ्या अंतरावर होता. त्याने दांडा शेवटपर्यंत फिरवलेला मी पाहिला."

"धुरात?"

"धुरात."

"आणि नसता दिसला तर?"

त्याने कोट काढला नाही, उलट दुसरा हातही पुन्हा बाहीत घातला. "नसता दिसला तर मी विचारलं असतं," तो म्हणाला. "मी काय मूर्ख आहे?"

वेन्या, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी आवाज ऐकत होते. त्या खोलीत बसून मला आवाजच ऐकू येतो. तो पाहू शकत असेल, हे बारा आठवडे माझ्या मनाला शिवलं नव्हतं. पण मी तिथंच हार मानली नाही. म्हटलं, "तो दुसऱ्या खणात असता तर? मध्ये दार असतं तर? एक दिवस तसं होणारच होतं."

"एक दिवस," तो म्हणाला. "तेवढ्यात शिकला असता."

"किंवा नसता शिकला."

"किंवा नसता."

आम्ही दोघंही बरोबर होतो आणि दोघंही तिथंच उभे होतो. शेवटी तो म्हणाला, "तू मला तेव्हाच विचारायचंस. चिठ्ठी लिहिण्याआधी नाही, नंतर. संध्याकाळी घरी ये म्हणायचंस आणि विचारायचंस. तीन महिने माझ्याबरोबर सूप प्यालीस." आणि गेला. फुलं टेबलावर राहिली. माझ्या हातून त्यांना पाणीही घातलं गेलं नाही.

त्यानंतर एकाही रविवारी तो आला नाही. मला वाटलं, पुढच्या यादीत नाव येईल, राग निवळेल. यादी शरदातल्या उड्डाणाची होती, बुर्लाकनी त्याचं आणि लोवेलचं नाव पुन्हा एकत्र सुचवलं होतं. परीक्षाही मेच्या शेवटी ठरली होती. समितीत मी नसेन, असं मी लेखी कळवलं. लोवेलला शिकवणं मात्र सोडलं नाही, त्यानेही दुसरा शिक्षक मागितला नाही.

आणि मग पंधरा मेला वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली.

तुला त्याने कळवलं नसेल, म्हणून मी कळवते. हृदयाच्या आलेखात एक ठोका सापडला, जो तिथं असायला नको. घाबरू नकोस, जगायला त्याने काही होत नाही. डॉक्टर म्हणाले, नव्वदीपर्यंत बटाटे लावेल. फक्त उडता येणार नाही. शरदात नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मागच्या वर्षीच्या आलेखात तो ठोका नव्हता. म्हणजे फेब्रुवारीचं उड्डाण हेच त्याचं होतं. एकच होतं, आणि ते गेलं.

हे मला तेव्हा माहीत असतं तर? मी हा प्रश्न रोज स्वतःला विचारते, आणि उत्तर दर दिवशी वेगळं येतं. परवा 'हो' लिहिलं असतं असं वाटलं. आज 'नाही' वाटतं. तुझ्यासारख्या माणसाला हे आवडणार नाही, तुझ्या हिशेबात गोष्ट एकतर चालते किंवा पडते. मी सदतीस वर्षं लोकांना बरोबर आणि चूक यांतला फरक शिकवते आहे आणि माझ्याच एका शब्दाचा मला निकाल लागत नाही.

गेल्या शनिवारी मी पॅटीस केले, कोबीचे, त्याला आवडतात तसे, आणि त्याच्या घरी गेले. दार उघडलं नाही तर उंबऱ्याशी ठेवून येईन, असं ठरवून गेले. दिवसाउजेडी दुपारची वेळ होती. दारापाशी पोचले तर आत स्वयंपाकघरातून आवाज येत होते. ग्लेबचा आणि लोवेलचा.

मी घंटी वाजवली नाही. उभी राहिले. चोरून ऐकणं वाईट, तरी ऐकलं.

ते काय बोलत होते, ते मला समजत नव्हतं, वेन्या. शब्द निम्मे आपले होते, निम्मे त्यांचे, आणि काही कुणाचेच नव्हते, त्या दोघांनी यानाच्या प्रतिकृतीत बसून घडवलेले असावेत. विभक्ती एकही धड नव्हती. ग्लेब इंग्रजी बोलत होता, ते लोवेलच्या रशियनपेक्षाही भयंकर होतं. मध्येच एक मोठा तुकडा नुसत्या आवाजांचा आला, बहुतेक काहीतरी पडण्याचा किंवा उडण्याचा. मग ग्लेबचा आवाज आला, असा आवाज मी त्याची आई गेली तेव्हा ऐकला होता, त्यानंतर कधी नाही. तो रडत होता. आणि लोवेल काहीतरी सावकाश सांगत होता, एकेक शब्द शोधून, प्रत्येक शब्द चुकीच्या रूपात, आणि ग्लेब मध्ये मध्ये 'हो' म्हणत होता. प्रत्येक वेळी बरोबर जागी. मला कळत नव्हतं कशाला, पण त्याला कळत होतं.

मी डबा दाराशी ठेवला आणि जिन्याने खाली आले. खाली बाकावर बराच वेळ बसले. राग आला होता, आणि या वेळी तो स्वतःवर होता हे कळायला मला तिसरा मजला उतरावा लागला.

काल डबा परत आला. धुतलेला. ग्लेबनेच आणला. बसला नाही, पण दारात उभा राहून म्हणाला, उड्डाण अजून लांब आहे म्हणून तुकडी नव्याने बांधली, लोवेल नव्या कमांडरबरोबर जाणार आहे, त्याची पुढे ढकललेली परीक्षा गुरुवारी आहे, तू त्याची तयारी करून घे, धुराची. मी म्हटलं, घेते. मग तो म्हणाला, "मीही येऊ का? समोर कुणी नसलं की तो घाबरतो. मी पडद्याआड बसून प्रश्न विचारीन, म्हणजे त्याला माझा हात दिसणार नाही आणि मला त्याचा." मी म्हटलं, ये. इतकंच बोलणं झालं. तेव्हा सोमवारपासून आम्ही तिघं रोज सकाळी बसणार आहोत.

आता तुझ्याबद्दल. जुलैमध्ये ये. ग्लेब तुला बोलावणार नाही, आणि तुला वाटेल त्याने बोलवावं. दोघांनी वाट पाहिलीत तर तुम्ही दोघंही म्हातारे व्हाल, तू तर झालाच आहेस. आगगाडीचा प्रवास दीड दिवसाचा आहे, गुडघ्याला पट्टा बांध. इथं लोवेल असेल. तुला त्याच्याशी हात मिळवावा लागेल. तो तुला माफी मागायला लावणार नाही, पण तुझ्या कामाबद्दल विचारेल, आणि मला वाटतं तू सांगावंस. त्यानेही त्याच्या वडिलांबद्दल मला सांगितलं, सांगायला नको असताना. तुम्हाला बोलायला मी दुभाषी लागेन असं वाटतंय खरं, पण आता मी पैज लावणार नाही.

ग्लेबला 'लढ' म्हणू नकोस. 'कसा आहेस' म्हण आणि मग गप्प बस, तो सांगेपर्यंत.

माझ्यावर रागावला असलास तर रागावूनच ये. ज्या हाताने ते 'नाही' लिहिलं, त्याच हाताने तुझ्यासाठी पलंग घालून ठेवते.

तुझी धाकटी बहीण, आणि अजून त्याची आत्या,
रिम्मा